गावाकडची काच

काच काळी होती. सुमेधाला आधी वाटलं धूळ असेल. तिने पंजाने पुसली, मग ओढणीच्या टोकाने पुसली, मग तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसली, तरी काच काळीच. रंग होता तो. जाड, जुना, थरावर थर चढवलेला; एका कोपऱ्यात पोपडा सुटला होता आणि त्याच्याखालीही काळाच रंग होता. तिच्या पाठीमागे मनवेलपाड्यातल्या त्यांच्या सोसायटीचं महिला मंडळ समुद्राकडे पाठ करून फोटो काढण्यात गर्क होतं. गोल जिन्याने सगळ्यांच्या गुडघ्यांची परीक्षा पाहिली होती, तेव्हा आता वरचा वारा वसूल करणं चाललं होतं. पाचूबंदरचं जुनं दीपगृह रविवारी लोकांना पाहायला खुलं केलंय हे कळल्यापासून मंडळाने तिचा पिच्छा पुरवला होता. तुझं तर ते माहेरच, तू नाही आलीस तर आम्हाला कोण दाखवणार? माहेर कसलं, लहानपणी थोडे दिवस बाबांची बदली इथे होती, एवढंच. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, आणि निवृत्त झाल्यापासून तिच्या अंगात एक थकवा येऊन बसला होता, झोपून न जाणारा, रक्ताच्या तपासणीत न सापडणारा. त्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं. ती आली, जिना चढली, आणि 'ती बघा आमची खिडकी' असं म्हणून दाखवायला गावाच्या बाजूला वळली, तर मध्ये ही काच.

तिथला कर्मचारी विघ्नेश, निळा शर्ट घातलेला, हसरा मुलगा, धावत आला. त्याला वाटलं मॅडमना काही लागलं. तिने विचारलं, हा रंग कधी मारला? "ही साइड पहिल्यापासून ब्लॅकच आहे मॅडम," तो म्हणाला, "गावात उजेड पडायला नको म्हणून. लाइट फक्त समुद्राकडे जाते." पहिल्यापासून म्हणजे किती वर्षांपासून, तिने विचारलं. बांधलं तेव्हापासून, त्याने सांगितलं. आधी इथे पत्रा होता म्हणे, मग रंग आला, खाली बोर्डवर सगळी हिस्ट्री लिहिली आहे. एवढं सांगून तो कोणाचा तरी फोटो काढून द्यायला गेला. त्याच्या दृष्टीने त्याने एक साधी माहिती दिली होती. सुमेधाने काचेवरचा हात काढला नाही. उन्हाने काच तापली होती. बाकीच्या काचांतून समुद्र, मासे वाळत घातलेल्या माच्या, खाडीतून भाईंदरकडे निघालेली रो-रो बोट, सगळं लख्ख दिसत होतं, आणि या एका काचेतून काहीच दिसत नव्हतं, आणि तिने तर नेमका इथूनच आलेला उजेड पाहिलेला होता.

कारण तिने ते सगळ्यांना सांगितलं होतं. येताना मिनी बसमध्येही सांगितलं होतं, घाटकोपरच्या ऑफिसात सांगितलं होतं, मुलीला मांडीवर घेऊन सांगितलं होतं, लग्नाआधी जयवंत पाहायला आला तेव्हा त्यालाही सांगितलं होतं. गोष्ट अशी, की ती सात वर्षांची असताना एका ऑक्टोबरात अचानक वादळ उठलं, आणि युजीन नावाच्या कोळ्याची होडी खाडीच्या तोंडाशी खडकावर फुटली. युजीन गेला. मागून आलेल्या होडीतल्या दोघांनी किनाऱ्याला लागल्या लागल्या सांगितलं, दिवा नव्हता. दीपगृहात त्या रात्री दिवाच लागलेला नव्हता. सकाळी सगळं पाचूबंदर दीपगृहाच्या आवारात जमलं. बाबा क्वार्टरच्या पायरीपाशी उभे होते. सरकारी खाकी शर्ट, बटणं वरखाली लागलेली. कोणीतरी ओरडलं, हा झोपला असणार. आणि मग छोटी सुमेधा दारातून पुढे झाली आणि म्हणाली, दिवा होता. मी पाहिला. माझ्या भिंतीवरून फिरत होता, एकदा यायचा, जायचा, परत यायचा. सगळे गप्प झाले. हळूहळू एकेक जण निघून गेला. बाबांची नोकरी राहिली. दिव्याला पावसाची झड आडवी आली असेल, असं पुढे सगळ्यांनी ठरवलं. सांगताना ती इथे थांबायची, आणि ऐकणारे म्हणायचे, बाप रे, सात वर्षांची पोर. ते 'बाप रे' तिने आयुष्यभर अंगावर दागिन्यासारखं वागवलं. सुमेधाने पाहिलं म्हणजे पाहिलं, हे माहेरी म्हटलं जायचं, मग सासरी, मग ऑफिसात. कोणाचं भांडण असो, साहेबाने काय शब्द वापरले हे ठरवायचं असो, लोक तिला विचारत, आणि ती सांगे, आणि ते मिटे. जयवंतने एकदा, फार पूर्वी, मित्राकडे बसलो होतो ते ऑफिसात होतो असं सांगितलं, तर तिने वर्षभर त्याच्याशी अबोला धरला होता. तो बिचारा भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा मुलीमार्फत कळवायचा. तेव्हा तिला त्याची कीव आली नव्हती. आता इथे, काचेवर हात ठेवून उभी असताना, तिला अचानक ती आली.

पण भिंत तर तिला आठवत होती. चुन्याने रंगवलेली, ओल आलेली, वरच्या कोपऱ्यात पाल. उजेडाचा रुंद पट्टा उजवीकडून यायचा, कॅलेंडरवरून जायचा, आईच्या साडीच्या घडीवरून जायचा, आणि अंधार व्हायचा, आणि ती मनात म्हणायची, आता, आणि तो पुन्हा यायचा. कॅलेंडर. आईची साडी दोरीवर. खिडकीला निळे गज. ती जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागली आणि उतरता उतरता तिला त्या खिडकीतून बाहेर दिसायला लागलं, आणि बाहेर आंब्याचं झाड होतं, खाली उतार होता, उतारावर जांभा दगड. इथे उतार नव्हता. पाचूबंदरला जांभा कुठून येणार? ती खिडकी रत्नागिरीकडची, टेकडीवरच्या दीपगृहातली. इथे येण्याआधी बाबा तिथे होते, आणि तिथला दिवा चारी बाजूंना फिरायचा, गाव, शेतं, समुद्र, काही न बघता. सात वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं असेल, काल दिवा होता का? तर तिने डोळे मिटले असतील आणि जी भिंत समोर आली ती सांगितली असेल. खोटं नव्हतं ते. एवढंही तिला त्या क्षणी पुरलं असतं, एक पायरीभर तर ते पुरलंच. पण पुढच्याच पायरीवर तिच्या लक्षात आलं, की बाबांना तर माहीत होतं.

बाबांना माहीत होतं. ते रोज ती काच पुसत. हरणाच्या कातड्याचा मऊ तुकडा आणि स्पिरिट घेऊन सकाळी भिंग पुसायचं, काचा पुसायच्या, उन्हाने भिंगातून आग लागू नये म्हणून पडदे ओढायचे. रात्री घासलेटच्या बत्तीत पंप मारून हवा भरत राहायची आणि भिंग फिरवणाऱ्या यंत्राला चावी द्यायची. डोळा लागला की हवा उतरायची आणि बत्ती बसायची, इतकं सरळ काम होतं ते. काळ्या काचेसमोर रोज उभा राहणारा माणूस पायरीपाशी उभा होता, आणि त्याची पोर सगळ्या गावासमोर म्हणाली, उजेड माझ्या भिंतीवर पडला होता. आणि तो काही बोलला नाही. सुमेधाचे पाय जिन्यावर थांबले. मागून कोणीतरी म्हणालं, चक्कर येतेय का हो, बसा जरा. तिने मान हलवली. तिला बाबांचा राग आला, इतक्या वर्षांनी, त्यांना जाऊन चार वर्षं झाल्यावर, असा राग की दात शिवशिवले. आपल्या पोरीच्या तोंडून खोटं जाऊ दिलं आणि मग ते खोटं तिला जन्मभर छातीवर लावून हिंडू दिलं. एकदाही सांगितलं नाही. उलट ती गोष्ट सांगायला लागली की बाबा पाणी प्यायला उठत. पाहुणे म्हणत, काय निगर्वी माणूस आहे, मुलीने केलेलं कौतुकसुद्धा ऐकवत नाही त्यांना.

खाली दाराशी पाटी होती, विघ्नेशने सांगितलेली हिस्ट्री. महिला मंडळाने पाटीचाही फोटो काढला आणि कोणी ती वाचली नाही. सुमेधाने वाचली. इंग्रजांनी बांधलं, आधी तेलाचा दिवा, मग वाफेची बत्ती, मग वीज, आता सौरऊर्जा. जमिनीकडचा भाग झाकलेला, म्हणजे वस्तीला उजेडाचा त्रास नको. कोणत्या रात्री दिवा नव्हता ते पाटीवर नव्हतं, ते कुठल्याच पाटीवर नसतं. क्वार्टर होतं तिथे आता नवं शौचालय होतं, फरश्या बसवलेलं, स्वच्छ. तिने मंडळाला सांगितलं, तुम्ही किल्ला बघून घ्या, मला गावात एकीकडे जायचंय, मी रिक्षाने येईन. तिच्या चेहऱ्याकडे बघून कोणी फार आग्रह केला नाही. जयवंतचा फोन आला, जेवलीस का, ऊन लागत नाही ना. ती म्हणाली, नाही लागत. मग उगाच म्हणाली, तुम्ही जेवलात का? त्याने जरा थांबून हो म्हटलं. हा प्रश्न त्याला नवा होता.

एकीकडे म्हणजे प्रिस्काकडे. युजीनची बायको. युजीन गेला तेव्हा ती असेल पंचविशीची. आता ऐंशीच्या आसपास. तिची मुलगी शर्लिन मनवेलपाड्याच्या बाजारात मासे घेऊन बसायची आणि सुमेधा तिच्याकडूनच घ्यायची, आणि पापलेट कापता कापता शर्लिन दर वेळी म्हणायची, आई तुमच्या बाबांची आठवन काढते, या ना कदी घरी. सुमेधा म्हणायची, येईन, आणि जायची नाही. थकवा, गुडघे, नातवंडं, कारणांना काय तोटा? खरं तर तिला भीती वाटायची ती विधवेच्या रडण्याची. आपल्या शब्दाने त्या बाईच्या नवऱ्याच्या मरणाचा दोष कोणावरच राहिला नाही, दर्यावर गेला, हे तिला माहीत होतं, आणि त्याचं तिला किंचित वाईटही वाटायचं. पण खरं ते खरं, असं ती मनाशी म्हणायची. बाबा एकदा तिच्याबरोबर बाजारात आले होते. शर्लिनच्या शेजारी त्या दिवशी प्रिस्काही बसली होती. बाबांनी तिला पाहिलं आणि ते तसेच पाठमोरे झाले, कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन, पैसे न देता. तिला मागे जाऊन भाजीवाल्याची समजूत घालावी लागली होती. म्हातारपण, ती म्हणाली होती.

आणि मासे. मालवणकडचा माणूस, माशाशिवाय घास न उतरणारा, पाचूबंदरहून बदली झाल्यावर त्याने मासे सोडले ते कायमचे. आई पाहुण्यांना सांगायची, त्यांनी माळ घातली. गळ्यात माळ कधीच नव्हती, पण कोणाच्या गळ्यात कोण हात घालून बघतं? घरात बांगडे तळले की ते दही-भात घेऊन बाहेरच्या खोलीत बसायचे. वाळत घातलेल्या बोंबिलांच्या माच्यांमधून जाताना तो वास तिच्या नाकात भरला आणि तिला दही-भाताचं ते ताट दिसलं, चमच्याचा आवाज न करता खाणारे बाबा दिसले, आणि राग होता तिथे दुसरंच काहीतरी आलं. ते काय होतं ते तिला कळेना. नुसतं जड वाटलं. बंदरावर लिलाव संपत आला होता, बायका टोपल्या उचलत होत्या, बर्फाचं पाणी वाहत होतं. शर्लिन तिथेच होती. सुमेधाला बघून तिने ओल्या हातानेच कपाळावरचे केस मागे सारले, काहीच विचारलं नाही, फक्त म्हणाली, आई घरीच हाय, तुमी बसा, मी आले.

घर चर्चच्या मागच्या गल्लीत होतं. ओट्यावर जाळी पडली होती, दारावर क्रूस, आत येशूला कडेवर घेतलेल्या सायबिणीच्या तसबिरीपुढे बारका लाल बल्ब, आणि त्याच्या बाजूला लग्नातला फोटो, त्यात युजीन, कोटात न मावलेला, हसू दाबून धरलेला. प्रिस्का ओट्यावरच्या खुर्चीत बसून उन्हात पाय शेकत होती. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. सुमेधाने नाव सांगितलं. ती म्हणाली, बत्तीवाल्याची पोर ना, बस. सुमेधा बसली. चौकशा झाल्या, मुलं, नातवंडं, गुडघे. गावात आता मुलं होडीवर जायला तयार नाहीत, फोनमध्येच सगळे रस्ते दिसतात म्हणे, दिव्याकडे कोण बघतं, असं प्रिस्का सांगत होती आणि सुमेधा मान हलवत होती, आणि तिच्या घशात तो एक प्रश्न असा अडकला होता की बाकीचे शब्द त्याच्या बाजूने वाट काढून येत होते. शेवटी ती बोलली.

"मावशी, ती गावाकडची काच. तेव्हाही काळी होती?"

प्रिस्काने चष्मा काढला. डोळे पाणावलेले, पण ते उन्हाने. "व्हती ना," ती म्हणाली. "पहिल्यापासून. गावात कोनाला ठावं नव्हतं? पोरं रडली तर आया सांगायच्या, तो दर्याकडं बघतो, तुझ्याकडं नाय बघत, गप झोप."

सुमेधा पायाखालच्या जाळ्याकडे बघत राहिली. म्हणजे त्या सकाळी आवारात जमलेल्या सगळ्या माणसांना माहीत होतं. ती पुढे झाली, बोलली, सगळे गप्प झाले, आणि ती जन्मभर समजत होती की ते आपल्या खरेपणाने गप्प झाले. त्या अख्ख्या गर्दीत काच काळी आहे हे माहीत नसलेली ती एकटीच होती. तिला हसूही आलं, कोरडं, आणि ते गालांपर्यंत पोचलं नाही. मग मी बोलले तेव्हा तुम्ही काही म्हणाला का नाहीत, तिने विचारलं. तुमचा नवरा गेला होता.

प्रिस्का खुर्चीत पुढे वाकली. पायाचा तळवा एका हाताने चोळत राहिली. "तू बोललीस," ती म्हणाली, "आनि तुझ्या बापानं मान वर नाय केली. तवाच आमाला समजलं, हा झोपलेला. माझा दीर धावला त्याच्या अंगावर. सासऱ्यानं त्याचा हात धरला. म्हनाला, पोरीचा शब्द धरा नि घरी चला." तिने दुसरा पाय उन्हात ओढला. "आमच्या बाकीच्या होड्या दर्यातच व्हत्या, बाय. माझा दुसरा दीर व्हता त्यात. त्या रातीला दिवा कोन लावनार व्हता? ह्याला हाकलला, तर नवा मानूस यायला महिना. आनि तो झोपनार नाय कशावरून? सासरा म्हनाला, एकदा झोपलेला मानूस परत नाय झोपत. ह्यालाच राहू दे."

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी घरी येऊन रडली. लय वर्सं त्याला शिव्या घातल्या, मनात. पन तो व्हता तवर दिवा एक रात चुकला नाय. दर्यातून येनारे सांगायचे, प्रिस्का, लागलाय गो. मी त्यांना सांगायची, ठावं हाय."

गल्लीच्या तोंडाशी एक रिक्षा वळता वळत नव्हती. सुमेधाला वाटलं आपण रडू, पण रडायलाही जोर लागतो. तिला मनवेलपाड्याच्या घराच्या बाल्कनीतली वेताची खुर्ची दिसत होती. निवृत्तीनंतर बाबा तिच्याकडे राहायला आले तेव्हापासून ती खुर्ची त्यांची. तिन्हीसांजेला ते त्यात बसत आणि उजाडेपर्यंत बसून राहत, समोर दुसऱ्या बिल्डिंगची पाण्याची टाकी, बघण्यासारखं काही नाही. मधूनच उजवा हात वर-खाली व्हायचा, पंप मारल्यासारखा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या ते जिभेखाली ठेवून नंतर कुंडीत टाकत. तुळस मेली तेव्हा ते कळलं. सुमेधा किती बोलली होती त्यांना. तुम्ही झोपत नाही म्हणून घरात कोणालाच झोप नाही, सकाळी मला ऑफिस आहे, कसली राखण करताय तुम्ही? ते म्हणत, तू झोप. एवढंच. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांतही डोळे छताला लावलेले, आणि नर्सने ते बोटांनी मिटले तेव्हाच मिटले. गावाने त्यांना सोडलं नव्हतं, गावाने त्यांना तिथे नेमलं होतं, आणि बदली झाली तरी ती नेमणूक कोणी रद्द केली नव्हती. ते तिला का सांगणार होते? तिने त्यांना वाचवलं, या एका गोष्टीवर ती उभी होती. तेवढं त्यांनी तिला उभं राहू दिलं. माणूस किती थकत असेल असा, तिला वाटलं, आणि आपल्या थकव्याची तिला लाज वाटली.

प्रिस्काने चष्मा पुन्हा लावला. मग सहज, पाऊसपाण्याचं विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, "शेवटी झोपला का गो तुझा बाप? नीट?"

सुमेधाने वर पाहिलं. काळ्या चष्म्यामागे डोळे दिसत नव्हते. पण मान तिच्याकडे वळलेली होती, वाट बघत, एके काळी आवारातल्या सगळ्या माना वळल्या होत्या तशी.

"झोपले मावशी," ती म्हणाली. "शेवटी शेवटी अगदी गाढ झोपायचे. रात्रभर."

"तू पाहिलंस?"

"हो. मी पाहिलं."

प्रिस्का बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली, सावकाश, एकदाच.

"मग बरं," ती म्हणाली, आणि गल्लीतून येणाऱ्या शर्लिनला तिने हाक मारून चहा टाकायला सांगितलं.